तासाभराचे खून: जुन्या हॉलिवूडचे स्वस्तातले डिटेक्टिव्ह सिनेमे

रातकिडा (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात पाठ धरली म्हणून आठ दिवस घरी पडून होतो, तेव्हा हे व्यसन लागलं ते अजून सुटत नाहीये. घरातले झोपले की हेडफोन लावायचे आणि १९३०-४० च्या काळातला हॉलिवूडचा एखादा ब्लॅक अँड व्हाइट डिटेक्टिव्ह सिनेमा लावायचा. नावाजलेले ऑस्करवाले नव्हेत हां, दार जोरात आपटलं की आख्खी भिंत हलते ते.

सुरुवात झाली 'टेरर बाय नाइट' (१९४६) पासून. शेरलॉक होम्स, लंडनहून एडिंबराला जाणारी रात्रीची गाडी, एक हिरा, एक मुडदा, आणि सगळं मिळून ६० मिनिटं. साठ! हल्लीच्या वेब सिरीजमध्ये साठ मिनिटं झाली तरी इन्स्पेक्टरसाहेब बाल्कनीत सिगरेट ओढत बायकोची आठवण काढत असतात. इथे तेवढ्या वेळात खेळ खल्लास. गाडी बाहेरून दाखवायची वेळ आली की कुठली तरी जुनी फिल्म जोडलीय आणि इंजिन मध्येच बदलतंय हे आंधळ्यालाही कळतं, पण आतला तो चिंचोळा कॉरिडॉर, डब्याडब्यातले संशयित, खिडकीबाहेरचा अंधार... मजा आली राव.

मग यात होम्स झालेल्या बेसिल रॅथबोनचे होम्सचे चौदाही सिनेमे बघून काढले. पहिले दोन १९३९ चे, फॉक्सने बऱ्यापैकी पैसे लावून काढलेले, घोडागाड्या आणि गॅसबत्त्यांसकट. पुढचे बारा युनिव्हर्सलचे, १९४२ ते ४६, आणि त्यांनी होम्सला उचलून थेट दुसऱ्या महायुद्धात आणून बसवला, पहिल्याच सिनेमात गडी नाझींच्या रेडिओमागे लागलाय. बारातले अकरा एकाच माणसाने दिग्दर्शित केलेत, रॉय विल्यम नील. स्टुडिओच्या भुताखेतांच्या सिनेमांचे सेट आयतेच पडलेले होते, नीलसाहेबांनी त्यात धुकं सोडलं की झालं इंग्लंड. 'द स्कार्लेट क्लॉ' (१९४४) मधलं गाव तर कॅनडातलं आहे म्हणे, धुकं तेच.

माझं म्हणणं असं की पैसा नव्हता म्हणूनच हे सिनेमे चांगले झालेत. फापटपसाऱ्याला वावच नाही. तुम्ही कोणी बघता का असलं काही? असाल तर नावं टाका.

सखूबाई७२

बघते की! आमच्याकडे रोज दुपारी. अहो रातकिडा, तुम्ही होम्सवरच अडकलात, बायकांचे डिटेक्टिव्ह सिनेमे बघितलेच नाहीत असं दिसतंय. 'पेंग्विन पूल मर्डर' (१९३२) बघा आधी. हिल्डेगार्ड विदर्स नावाच्या शाळेतल्या बाई मुलांची सहल घेऊन न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात जातात आणि पेंग्विनच्या हौदात धपकन मुडदा पडतो. एडना मे ऑलिव्हर म्हणून नटी आहे, घोड्यासारखा लांब चेहरा (प्रेमाने म्हणतेय), आणि ती पोलीस इन्स्पेक्टरलाच वर्गातल्या ढ मुलासारखी झापते. मी २९ वर्षं शाळेत शिकवलं, त्या नजरेला मी लगेच ओळखलं.

नाम्या_ठाणेकर

वाचनखूण साठवली. पण रातकिडाभाऊ, 'पैसा नव्हता म्हणून चांगले झाले' हे जरा कैच्याकै. मी पण खूप बघितलेत आणि खरं सांगायचं तर दहातले सात टुकार असतात. चार माणसं एका दिवाणखान्यात उभी राहून एकमेकांना 'तू काल रात्री दहा वाजता कुठे होतास' विचारतात, कॅमेरा खुंटा ठोकल्यासारखा, आणि मध्ये एक विनोदी हवालदार जो विनोदी नाहीये. मोनोग्राम कंपनीचे बघ, काही सीनमध्ये तर नट पुढचं वाक्य आठवतोय हे स्पष्ट दिसतं आणि तरी तोच टेक ठेवलाय. उरलेले तीन चांगले असतात त्यांच्यासाठी आपण बघत राहतो, लॉटरीसारखं.

रातकिडा

@नाम्या, लॉटरी मान्य :) पण टुकार असला तरी तासात सुटका होते हा मुद्दा राहतोच.

सखूताई, पेंग्विनवाला आजच शोधतो.

जुनाखोक्या

मी मुंबईत सिंगल स्क्रीन थेटरात हिशेब लिहायचो, त्यामुळे मला यातल्या सिनेमापेक्षा धंदाच जास्त आवडतो, तर तेवढं सांगतो. हे तासाभराचे का असायचे? मंदीच्या काळात अमेरिकेत थेटरं ओस पडायला लागली तेव्हा मालकांनी एका तिकिटात दोन सिनेमे द्यायला सुरुवात केली. पहिला मोठा, स्टारवाला. दुसरा हा, 'बी'. आता गंमत बघा, मोठ्या सिनेमाला थेटरवाला गल्ल्यातला टक्का द्यायचा आणि बी सिनेमाला ठरलेलं भाडं. म्हणजे तुमचा बी सिनेमा कितीही भारी निघाला तरी मिळणार तेवढेच आणि पडला तरी तेवढेच. कमाई आधीच माहीत असली की माणूस काय करणार, खर्च त्याच्या खाली ठेवणार. म्हणून सेट उसने, शूटिंग दोनेक आठवड्यांत उरकायचं, लांबी तासभर. आणि म्हणूनच मालिका काढायच्या, कारण 'चार्ली चॅन' असं ओळखीच्या डिटेक्टिव्हचं नाव पाटीवर लावलं की जाहिरातीचा वेगळा खर्च नको.

मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची थेटरं होती आणि बाहेरच्या थेटरवाल्यांना त्या सिनेमे गठ्ठ्याने घ्यायला लावायच्या, एक चांगला हवा तर चार हे घ्या. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंटच्या खटल्यात त्याला चाप लावला, पाठोपाठ घरोघरी टीव्ही आला, आणि हे दुकान बंद झालं. तेच सिनेमे मग टीव्हीला विकले.

चहा_बिस्कुट

खोक्याकाका दंडवत __/\__ गठ्ठ्याने म्हणजे आमच्या वाण्यासारखं, दिवाळीत साखर हवी तर बेसन पण घ्या.

रातकिडा

काका, भारी. म्हणजे कितीही जीव तोडून काम केलं तरी छदाम जास्त मिळणार नाही हे माहीत असताना नीलसारखी माणसं एवढं नेटकं काम करत होती! मी उलट आता जास्त प्रेमात पडलो.

अ_मोघम

इथे एक फरक लोक विसरतात म्हणून सांगतो. विल्यम पॉवेलचा १९३४ चा नवरा-बायको डिटेक्टिव्हवाला 'द थिन मॅन' याच्यात धरू नका, तो एमजीएमचा आणि चार ऑस्कर नामांकनं मिळवलेला आहे, घाईत शूट झाला म्हणून बी होत नाही. त्याच पॉवेलचा आदल्या वर्षीचा 'द केनल मर्डर केस' बघा, वॉर्नरचा, मायकेल कर्टिझ दिग्दर्शक, तोच ज्याने नंतर 'कॅसाब्लांका' केला. बंद खोलीतला खून. त्यात कर्टिझ कॅमेरा जसा पळवतो, एका चौकशीतून दुसरीत, बघताना उसंत मिळत नाही.

आणि दुसरं, 'नॉयर' आणि हे डिटेक्टिव्ह सिनेमे एक नव्हेत. हे कोडी आहेत, नॉयर म्हणजे माणूस स्वतःच्या कर्माने खड्ड्यात जातो.

नाम्या_ठाणेकर

@अ_मोघम, रेघ एवढी सरळ नाहीये रे. 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) बघितलायस ना? आरकेओ स्टुडिओचा, ६४ मिनिटांचा शुद्ध बी सिनेमा. पत्रकाराच्या साक्षीवरून एकाला फाशी होणार असते आणि मग याच्याच शेजारी खून होतो. मधलं ते स्वप्न, कोर्टाच्या भिंतीवरच्या राक्षसासारख्या सावल्या, निकोलस मुसुराका कॅमेऱ्यावर. बरेच जण त्यालाच पहिला नॉयर म्हणतात. खिशात दमडी नाही म्हणून अर्धा सेट अंधारात ठेवला की त्याला शैली म्हणायचं, हीच तर गंमत.

(आता मीच रातकिडाच्या बाजूने बोलतोय की काय)

रातकिडा

@नाम्या, हाहा, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जर्सीकर

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्या घ्या. मी अमेरिकेत आलो तेव्हा इथल्या जुन्या सिनेमांच्या चॅनलवर फाल्कन नावाच्या डिटेक्टिव्हची मालिका लागायची आणि बरेच दिवस मला कळत नव्हतं की हिरो तोच आहे की बदलला. नंतर उलगडा झाला. जॉर्ज सँडर्स ते काम करून वैतागला होता, तर १९४२ मध्ये 'द फाल्कन्स ब्रदर' काढून त्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला, टॉम कॉनवेला, गादीवर बसवलं आणि सटकला. आरकेओचे पुढचे सगळे भावाने केले. गादी देण्याची पद्धत घराणेशाहीला लाजवेल अशी. दोघांचा आवाज डोळे मिटून ऐकला तर फरक करता येत नाही.

आणखी एक, फाल्कनचाच 'द फाल्कन टेक्स ओव्हर' (१९४२) बघताना मला सारखं वाटत होतं हे कुठेतरी वाचलंय. ती रेमंड चँडलरची कादंबरी निघाली! हक्क स्वस्तात घेतले आणि चँडलरच्या डिटेक्टिव्हला, फिलिप मार्लोला, काढून तिथे फाल्कनला घातलं. त्याच वर्षी फॉक्सनेही चँडलरची दुसरी कादंबरी घेऊन त्यांच्या मायकेल शेन या डिटेक्टिव्हच्या गळ्यात मारली, 'टाइम टू किल'. दोन वर्षांनी मोठ्या बॅनरच्या सिनेमात मार्लो रीतसर मार्लो म्हणून आला.

सखूबाई७२

अगदी बाबूराव अर्नाळकरांची आठवण झाली हो. आमच्या लहानपणी भाऊ ती पुस्तकं भाड्याने आणायचा, परत द्यायच्या आत सगळ्या घराने वाचायची असायची, मी जिन्यात बसून वाचलीयत. झुंजार एका बैठकीत संपला पाहिजे हा नियम. हे सिनेमे तस्सेच.

प्रश्नचिन्ह_७

सगळे कौतुक करताय पण चार्ली चॅनबद्दल कोणी बोलत नाही. मी परवा पहिल्यांदा एक लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. चिनी डिटेक्टिव्ह म्हणून एक गोरा माणूस डोळे बारीक करून, मोडकं इंग्रजी बोलत सुविचार फेकतोय. हे आज बसून एन्जॉय कसं करता तुम्ही? सिरियसली विचारतेय, टोमणा नाही.

अ_मोघम

त्या काळाच्या चष्म्यातून बघायचं.

प्रश्नचिन्ह_७

@अ_मोघम, त्या काळातही चिनी नट होतेच ना? मग चष्मा कोणाचा?

रातकिडा

प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाहीये, आणि मला पूर्ण उत्तर जमेल असंही नाही. मला माहितीय तेवढं लिहितो.

चॅन झालेला वॉर्नर ओलंड जन्माने स्वीडिश. त्याने फॉक्ससाठी १६ सिनेमे केले. तो १९३८ मध्ये गेल्यावर सिडनी टोलर आला, तो मिसुरीचा. टोलरने २२ केले, अर्धे फॉक्सचे, आणि फॉक्सने मालिका बंद केल्यावर या पठ्ठ्याने पात्राचे हक्क स्वतः मिळवले आणि मोनोग्रामकडे घेऊन गेला. त्याच्यानंतर रोलंड विंटर्स, तोही गोरा. म्हणजे चॅन बदलत गेले, चिनी एकही नाही. पण चॅनची मुलं मात्र खरेखुरे चिनी वंशाचे नट, के ल्यूक, सेन यंग, बेन्सन फाँग. बापाला मेकअप आणि पोरं अस्सल, एकाच फ्रेममध्ये. ते एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

तरी मी बघतो, आणि बघतो ते बहुतेक के ल्यूकसाठी. 'नंबर वन सन' ली चॅन. हा पोरगा पडद्यावर आला की सिनेमात वारं शिरतं, उत्साही, अमेरिकन अ‍ॅक्सेंट, बापाची टर उडवणारा आणि बापावर जीव टाकणारा. ओलंड आणि तो यांच्यातलं प्रेम खोटं वाटत नाही हो. १९३८ च्या जानेवारीत ओलंड 'चार्ली चॅन ॲट द रिंगसाइड' चं शूटिंग अर्धवट टाकून निघून गेला. स्टुडिओने काय करावं? तीच कथा मिस्टर मोटोला नेसवली, 'मिस्टर मोटोज गँबल' नाव दिलं, आणि के ल्यूक ली चॅन म्हणूनच त्यात राहिला, मोटोच्या गुन्हेशास्त्राच्या वर्गातला विद्यार्थी बनून. बाप नसलेल्या सिनेमात मुलगा उपराच हिंडतोय. (मोटो म्हणजे पीटर लोरे, जपानी डिटेक्टिव्हच्या वेशात. तेही तसंच.)

तुम्ही 'फँटम ऑफ चायनाटाउन' (१९४०) बघा. मोनोग्रामची मिस्टर वाँग मालिका होती, पाच सिनेमांत बोरिस कार्लोफ वाँग झाला. सहाव्यात त्यांनी के ल्यूकला घेतलं. चिनी डिटेक्टिव्हच्या कामात चिनी वंशाचा हिरो, मोडकं इंग्रजी नाही, सुविचार नाहीत. एका ठिकाणी चीनमधली थडगी उकरण्याचा विषय निघतो तेव्हा तो शांतपणे म्हणतो की बदल्यात चिनी लोक जॉर्ज वॉशिंग्टनला उकरायला येतायत म्हणे. मी हेडफोनमध्ये एकटाच हसलो. आणि मालिका तिथेच संपली.

प्रश्नचिन्ह_७

हे बघेन. धन्स. चार्ली चॅन बंद तो बंदच.

जुनाखोक्या

बरोबर आहे बाईंचं. मला मॅन्टन मोरलंडचंही तेच होतं. मोनोग्रामच्या चॅनमधला काळा ड्रायव्हर बर्मिंगहॅम, भुताला घाबरून डोळे फिरवायचं काम सारखं त्याच्याकडेच. पण 'द स्कार्लेट क्लू' (१९४५) मध्ये तो आणि बेन कार्टर एक प्रकार करतात, दोघं बोलत असतात, एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा तोडतो आणि तरी दोघांना सगळं कळतं. 'अरे तो कुठे असतो हल्ली?' 'तो तर...' 'तिकडे नको, तिथे तर...' असं. तमाशातल्या बतावणीवाल्यांनी मान डोलवावी असं टायमिंग. खून कोणी केला ते मला आठवत नाही, तो सीन आठवतो.

चहा_बिस्कुट

अवांतर पण राहवत नाही. वर बोरिस कार्लोफचं नाव आलं म्हणून. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, तोच. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट आणि त्याच्या आईची मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली बाई. ती १८३१ मध्ये जन्मली कुठे? आपल्या अहमदनगरला!! माझं माहेर नगरचं, त्यामुळे मिस्टर वाँग आमच्या गावचा भाचा लागतो.

नाम्या_ठाणेकर

पळा पळा, आता कार्लोफला भुईकोट किल्ल्यासमोर पुतळा मागतील.

सखूबाई७२

मग त्याचा आणि ओलंडचा 'चार्ली चॅन ॲट द ऑपेरा' (१९३६) बघायलाच हवा नगरकरांनी. पाटीवरच 'वॉर्नर ओलंड विरुद्ध बोरिस कार्लोफ' लिहिलंय, कुस्तीच्या फडासारखं.

अ_मोघम

बादवे, खुनी आधीच ओळखायची कोणाची काय युक्ती? माझी अशी: ज्या नटाला तुम्ही ओळखता पण सिनेमात त्याला काहीच काम दिलेलं नाही, तो खुनी. फुकट पैसे कोण देईल त्याला.

नाम्या_ठाणेकर

चालत नाही. लायनेल ॲटविल आणि जॉर्ज झूको हे दोघं नट एवढे डांबरट दिसतात की कधी कधी त्यांना नुसतं संशय घ्यायलाच ठेवलेलं असतं. माझी युक्ती वेगळी, जो सगळ्यात आधी मदत करायला पुढे येतो तो. आणि घड्याळ बघायचं. पंचावन्नाव्या मिनिटाला ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो.

जर्सीकर

आमचे बाबा इथे येऊन राहिले होते तेव्हा सोबत बघायचे. ते नेमके पन्नासाव्या मिनिटाला झोपायचे. सकाळी चहाला विचारायचे, 'मग, वकील होता ना?' दर वेळी वकील. त्यांची जमिनीची केस बरीच वर्षं चालली होती, त्यामुळे असेल. चारपाच वेळा खरंच वकील निघाला.

सखूबाई७२

जर्सीकर, छान लिहिलंत.

प्रश्नचिन्ह_७

असा काही आहे का ज्यात खुनी ओळखायचा प्रश्नच नाही, तरी धरून ठेवतो? मला कोड्यांचा कंटाळा आहे.

रातकिडा

'द व्हिसलर' मालिका. कोलंबियाची, १९४४ ते ४८, आठ सिनेमे. रेडिओवरून आलेली. रस्त्यावरून एका माणसाची सावली जाते, तो शीळ घालत असतो, आणि तोच गोष्ट सांगतो, चेहरा कधी दिसत नाही. आठातल्या सातांत रिचर्ड डिक्स, पण दर वेळी वेगळा माणूस, कधी बिचारा, कधी हरामखोर, त्यामुळे सुरुवातीला कळत नाही याची दया करायची की याला घाबरायचं. पहिल्यात तो बायको गेली म्हणून जगायचा कंटाळा येऊन स्वतःलाच मारायची सुपारी देतो आणि मग कळतं की बायको जिवंत आहे. आता सुपारी मागे कशी घ्यायची? मधला दलाल तर मेलाय. ५९-६० मिनिटं. मी रात्री साडेबाराला बघितला आणि नंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना लाइट लावून गेलो.

नाम्या_ठाणेकर

आणि 'द नॅरो मार्जिन' (१९५२), या सगळ्या जातीचा शेवटचा मोठा गडी. पुन्हा आगगाडी. पोलिसाला एका गुंडाच्या बायकोला साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला न्यायचंय आणि मारेकरी त्याच गाडीत. ७१ मिनिटं. पार्श्वसंगीत नाही, नुसता गाडीचा खडखडाट आणि शिट्टी, आणि कोणीतरी नखं घासतंय त्या आवाजातून थेट चाकांच्या आवाजात उडी. गाडीचा सेट जमिनीला घट्ट होता, तो हलवण्यापेक्षा कॅमेरा हातात धरून हलवला. रोज ठाणे-सीएसटी करणाऱ्या माझ्यासारख्याला पण खरं वाटलं, म्हणजे बघा. त्यात एक जाडा माणूस कॉरिडॉरमध्ये वाट अडवतो तो सीन तर ८.१२ च्या फास्टमध्ये रोज घडतो.

प्रश्नचिन्ह_७

हा लावते. रविवारी.

चहा_बिस्कुट

हे सगळं बघायचं कुठे ते कोणीतरी सांगा रे, नावं वाचून लाळ गळतेय.

जुनाखोक्या

जुन्या अमेरिकन कायद्यात हक्क २८ वर्षांचा आणि मग नूतनीकरण करावं लागे. बऱ्याच कंपन्या तोवर बुडाल्या होत्या किंवा कोणाला पडलेली नव्हती, त्यामुळे यातले कित्येक मोकळे झालेत. होम्समधले चार, 'सीक्रेट वेपन', 'वुमन इन ग्रीन', 'टेरर बाय नाइट' आणि 'ड्रेस्ड टू किल', आणि 'केनल मर्डर केस' हे यूट्यूबवर आणि इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. पण जो तो स्वतःची कॉपी चढवतो, त्यामुळे काहींत पाऊस पडल्यासारख्या रेघा आणि आवाज डब्यातून. दोनतीन कॉप्या उघडून बघा, मग बसा. होम्सच्या चांगल्या प्रती यूसीएलए विद्यापीठाच्या अर्काइव्हने दुरुस्त करून ठेवल्यात, त्यांना पैसे देणाऱ्यांत प्लेबॉयवाला ह्यू हेफनर होता. सगळेच सापडतात असं मात्र नाही. ओलंडच्या सुरुवातीच्या पाच चॅनपैकी चार कायमचे हरवलेत. त्यातल्या 'चार्ली चॅन कॅरीज ऑन' चं तर स्पॅनिश नटांना घेऊन वेगळं शूट केलेलं रूप शिल्लक आहे आणि मूळ इंग्रजी गायब.

आणि यूट्यूबचे आपोआप येणारे सबटायटल बंद ठेवा. मला एकदा 'इन्स्पेक्टर लेस्ट्रेड' च्या जागी 'इन्स्पेक्टर लेस ट्रेड' दिसत होतं तासभर.

रातकिडा

अपडेट. काल पेंग्विनवाला लावला. बायको पाणी प्यायला उठली आणि 'काय बघतोयस' म्हणून मागे उभी राहिली, मग टेकली, मग हेडफोन काढून स्पीकरवर लावायला लावलं. चाळीसाव्या मिनिटाला म्हणाली, हाच. मी म्हटलं शक्यच नाही. तोच निघाला. कसं ओळखलंस विचारलं तर सांगत नाहीये.

सखूताई, या बाईंचे अजून किती आहेत?

सखूबाई७२

एडना मे ऑलिव्हरचे तीनच. 'मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड' (१९३४) पुढचा, खून शाळेतच. तिसरा 'मर्डर ऑन अ हनीमून' (१९३५). नंतर दुसऱ्या नट्या आल्या, ते राहू देत. सूनबाईंना सांगा, ब्लॅकबोर्डवाला बघताना फळ्याकडे नीट लक्ष ठेवा.